फुलपाखरांसाठी देशी रोपे: सिंधरोट रस्त्यावरील एका रोपवाटिकेचा अनुभव

फुलपाखरांसाठी झाडे हवीत असे सांगितले की बडोद्यातील बहुतेक रोपवाटिकांत घाणेरी, पेंटास आणि सदाफुली पुढे केली जाते. ही तिन्ही परदेशांतून आलेली झाडे आहेत. त्यांच्या फुलांतला मध फुलपाखरे पितात, पण अंडी घालायला त्यांना वेगळीच झाडे लागतात. सिंधरोट रस्त्यालगतच्या या लहान रोपवाटिकेत मात्र मालकांनी आम्हाला आधी विचारले, की फुलपाखरे नुसती येऊन जायला हवीत की अंगणात वाढायलाही हवीत. त्या एका प्रश्नासाठी मी तिथे पुन्हा पुन्हा जात आले आहे.

जूनअखेरीस आम्ही रुई, कोरांटी, कढीपत्ता, कागदी लिंबू आणि टाकळा अशी नऊ रोपे ६४० रुपयांना घेतली. कुंड्यांवरच्या पाट्या गुजरातीत असल्यामुळे रुई म्हणजे आकडो आणि टाकळा म्हणजे कुवाडियो हे ठाऊक असलेले बरे. ज्या टाकळ्याची भाजी आपण पावसाळ्यात खातो, तो पैसे देऊन आणल्याबद्दल घरात आश्चर्य व्यक्त झाले, आणि रुईची पाने शनिवारी मारुतीला वाहायची, ती अंगणात कोण लावते, असे सासूबाईंनी विचारले. ऑगस्टमध्ये त्याच रुईच्या पानामागे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी त्यांनीच मला दाखवली. ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची होती. पुढे तिचा फिकट हिरवा कोष देठाला लटकला आणि नवव्या दिवशी सकाळी त्यातून नारिंगी पंख बाहेर आले, तेव्हा त्या चहा तसाच ठेवून तिथे बसून राहिल्या.

लिंबाच्या रोपांबाबत मात्र माझी तक्रार आहे. लिंबाळी फुलपाखराच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. आमच्या दोन रोपांवर अशा पाच अळ्या आल्या आणि दोन दिवसांत सगळ्या मेल्या. चौकशी केल्यावर कळले, की ही रोपे तिथे वाढवलेली नव्हती, ती घाऊक बाजारातून आणलेली होती आणि त्यांना आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेले होते. असे औषध झाडाच्या रसात भिनते, त्यामुळे पाने धुऊन काही उपयोग होत नाही. मालकांनी चूक मान्य करून रोपे बदलून दिली, तरी बाहेरून आणलेल्या रोपांवर तशी चिठ्ठी लावण्याची माझी सूचना त्यांनी अजून अमलात आणलेली नाही. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, हेही तिथे कोणी सांगितले नाही. लहान मुले असलेल्या घरी हे विक्रीच्या वेळीच सांगायला हवे.

या रोपवाटिकेत स्वतः वाढवलेल्या रोपांची पाने अनेकदा कुरतडलेली असतात. गिऱ्हाईक ती बाजूला सारते. मी तीच निवडते, कारण ज्या पानावर अळी जगली आहे त्या पानावर विष नाही, याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही. आता रुईच्या फुलांवर दिवसभर भुंगे असतात, सकाळी शिंजीर हा लहान पक्षी येतो, आणि कढीपत्त्यावरच्या काही अळ्या बुलबुल उचलून नेतो, त्याला आम्ही हाकलत नाही. पुढच्या पावसाळ्यासाठी वायवर्णाचे एक रोप राखून ठेवायला सांगितले आहे, आणि ते तिथेच बीपासून वाढवलेले असावे, हेही आगाऊ पैसे देतानाच स्पष्ट केले आहे.