१४० चे ९८०: कार्बन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत अकरा महिने

भोसरी एमआयडीसीत आमचा बोल्ट आणि टर्न पार्ट्सचा कारखाना आहे. माणसं सत्तरच्या आसपास, सीएनसी मशिनं, हीट ट्रीटमेंटची पीएनजीवर चालणारी एक भट्टी, दोन एअर कॉम्प्रेसर आणि एक जनरेटर. मी अकाउंट्स बघते. फेब्रुवारी २०२५ मध्ये साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ते कार्बनचं पण तुम्हीच बघा मॅडम, शेवटी आकड्यांचंच काम आहे." त्याच महिन्यात कारखान्यामुळे हवेत जाणारा कार्बन मोजायचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाला दीड लाख अधिक जीएसटी. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यांच्याशी व्यवहार अजून चालू आहे. डेमो बघितलेली बाकीची दोन सॉफ्टवेअरंही साधारण याच वळणाची होती.

घ्यावं का लागलं, तर आमचं एक मोठं गिऱ्हाईक शेअर बाजारात लिस्टेड आहे. बाजारमूल्याने पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. पुरवठादारांचे आकडे देण्याचा भाग त्यातल्या पहिल्या २५० कंपन्यांपुरता, तोही सध्या ऐच्छिक, आणि ज्याचा खरेदीतला वाटा २ टक्के किंवा जास्त अशाच पुरवठादारांबद्दल. आमचा वाटा त्याच्या आसपासही नाही. पण व्हेंडर पोर्टलवर लाल अक्षरांत 'अनिवार्य' असं दिसल्यावर नियम काढून दाखवायची हिंमत कोण करणार? दुसरं कारण जर्मनीचं गिऱ्हाईक. युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाच्या कार्बनवरची आकारणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आणि त्यातल्या पोलाद-लोखंडाच्या यादीत नट-बोल्टही आहेत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: जीएचजी प्रोटोकॉल (हरितगृह वायू मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत) याप्रमाणे तीन खाती. आपल्या आवारात किंवा आपल्या गाडीत जे जळतं किंवा हवेत गळतं ते स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि कच्च्या मालापासून कुरिअरपर्यंत उरलेलं सगळं स्कोप ३, त्याचे १५ प्रकार. प्रत्येक वापराला एका घटकाने गुणायचं. डिझेल एक लिटर म्हणजे साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. विजेचा घटक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं. एवढा गुणाकार एक्सेलमध्येही होतो, आणि पहिल्या मीटिंगमध्ये मी तसं बोललेही होते. साहेब म्हणाले, एक्सेल दाखवलं तर गिऱ्हाईक परत पाठवेल.

आता डिझेलची गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये फोटो काढून टाकायची सोय आहे: बिलाचा, व्हाउचरचा, रजिस्टरच्या पानाचा. ते वाचून आकडे आपोआप भरतं. डेमोत हे जादूसारखं वाटलं होतं. आमचं डिझेल रजिस्टर स्टोअरमधले काका लिहितात, गेली बावीस वर्षं, सुंदर अक्षरात आणि मराठी आकड्यांत. मार्चमध्ये डॅशबोर्डवर जनरेटरचा खांब एकदम गच्चीपर्यंत गेला. शोधत शोधत रजिस्टरच्या पानावर पोहोचले. काकांनी लिहिलं होतं '१४० लि.'. सॉफ्टवेअरने वाचलं ९८०. आपला १ त्याला नऊसारखा दिसला आणि आपला ४ आठसारखा. शून्य तेवढं बरोबर आलं. ३७५ किलोच्या जागी २,६०० किलोच्या वर कार्बन चढला होता, आणि शेजारी हिरव्या अक्षरांत 'तपासलेली नोंद' असा शिक्काही होता. कुणी तपासली ते मी अजून विचारतेय.

काकांना दाखवलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, माझं अक्षर आजवर ऑडिटरला कळलंय." खरंच कळलंय.

ही चूक मोठी होती म्हणून सापडली. मागच्या वर्षाचा डेटा भरताना जे निघालं ते जास्त त्रासाचं होतं. जनरेटरचं डिझेल पेटी कॅशमधून कॅनने यायचं. व्हाउचरवर 'डिझेल रु. ५,०००' एवढंच. लिटर नाही, आणि त्यातलं किती टेम्पोत गेलं आणि किती जनरेटरमध्ये, तेही नाही. पंपाच्या पावत्या थर्मल कागदाच्या, कपाटात पडून कोऱ्या झालेल्या. शेवटी त्या वेळचा ९० रुपयांच्या आसपासचा भाव धरून लिटर काढले आणि जनरेटरच्या तासांच्या मीटरवरून वाटणी केली. सॉफ्टवेअरला याचं काहीच सोयरसुतक नाही. खरे लिटर द्या किंवा अंदाजाचे, दशांशाच्या पुढे दोन घरं करून ते सारख्याच थाटात छापतं. आता मी व्हाउचरवर लिटर आणि गाडी नंबर नसेल तर पैसे देत नाही. चार जण नाराज आहेत.

विजेचं बिल. आम्ही महावितरणचे एचटी, म्हणजे उच्च दाबाचे ग्राहक. एचटी बिलात दोन प्रकारचे युनिट असतात, केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामाला आलेली वीज) आणि केव्हीएएच (यंत्रांनी ओढलेली एकूण वीज), आणि २०२० पासून आकारणी केव्हीएएचवर होते. सॉफ्टवेअर बिलाची पीडीएफ वाचून ज्याच्यावर पैसे लागलेत तोच आकडा उचलायचं. कार्बन काढायला केडब्ल्यूएच लागतात. एका महिन्यात केडब्ल्यूएच ४८,२१० होते आणि केव्हीएएच ५०,६४०. फरक २,४३० युनिटचा, म्हणजे पावणेदोन टनांहून थोडा जास्त कार्बन, जो आम्ही केलाच नाही. वर्षाचा हिशोब केला तर टेम्पोच्या डिझेलपेक्षा जास्त. बरं, हे मला का कळलं? बिल रोज हाताळते म्हणून. सपोर्टवाल्या मुलाला पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, समजावून सांगायला दोन फोन गेले. पण त्याने ते नीट ऐकून घेतलं आणि तीन आठवड्यांत दुरुस्तही करून दिलं, ते मान्य करायला हवं. तुम्ही महाराष्ट्रात एचटीवर असाल तर आपलं सॉफ्टवेअर कुठला आकडा उचलतंय ते आजच बघा.

एसीचा गॅस हा प्रकार मला माहीतच नव्हता. क्वालिटीच्या सीएमएम (मापं तपासायचं मशिन) रूममध्ये एक जुना एसी आहे, दर उन्हाळ्यात त्यात गॅस भरावा लागतो. बिलावर 'गॅस भरला, सर्व्हिस केली'. कुठला गॅस, किती किलो, काही नाही. सॉफ्टवेअर गॅसचं नाव विचारतं आणि आपण गप्प बसलो तर स्वतःच आर-४१०ए धरतं. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, थंडावा आला ना?" पुन्हा विचारल्यावर कळलं, आर-२२, दीड किलोच्या आसपास. आर-२२ चा एक किलो हा शंभर वर्षांच्या हिशोबाने जवळजवळ १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. म्हणजे ती दीड किलोची गळती आणि हजार लिटर डिझेल, जवळपास बरोबरीचं. पुढची गंमत अशी की आर-२२ हा ओझोन थर वाचवायच्या मॉन्ट्रियल करारातला वायू असल्यामुळे जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे तो स्कोप १ च्या बेरजेत धरायचा नाही, वेगळा दाखवायचा. आमच्या सॉफ्टवेअरने तो बेरजेत घातला होता. गिऱ्हाइकाच्या तपासनीसाने सांगेपर्यंत आम्हालाही पत्ता नव्हता.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि अकाउंट्समधल्या माणसालाच तिची तिडीक कळेल. मे महिन्यात आम्ही २०२४-२५ चा रिपोर्ट गिऱ्हाइकाला दिला. जुलैत सॉफ्टवेअरवाल्यांनी विजेचा घटक ०.७१६ वरून ०.७२७ केला. नवा आकडा प्राधिकरणाचाच आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यांनी तो मागच्या सगळ्या महिन्यांनाही लावून टाकला, न सांगता. दिलेल्या पीडीएफमध्ये एक आकडा, स्क्रीनवर दुसरा. महिन्याला पाचशे किलोचा फरक. टॅलीत मी एप्रिल बंद केला की त्यात कुणी हात घालू शकत नाही. इथे बंद करायचं बटणच नाही! 'आमच्या रोडमॅपवर आहे' असं उत्तर आलं. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी मी सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून ठेवते. साहेबांना हे सांगितलेलं नाही.

स्कोप ३ चं फार बोलत नाही, कारण ते अजून आमच्याच्याने धड झालेलं नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअर स्टीलच्या खरेदीचे रुपये घेऊन त्याला घटकाने गुणायचं. एका तिमाहीत वायर रॉडचा (बोल्टसाठीच्या स्टीलच्या जाड तारेचा) भाव उतरला आणि आमचं कार्बन उतरलं. माल तेवढाच, बोल्ट तेवढेच. साहेबांना तो ग्राफ फार आवडला होता, मलाच वाईट वाटलं सांगताना. आता किलोवर करतो, आणि टेस्ट सर्टिफिकेट मागताना मिलला कार्बनचाही आकडा मागतो. देतात असं नाही. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली, टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असलं तर ग्रीन. आमच्या डीलरला हे सांगितलं तर त्याने रंगाचं विचारलं.

सीबॅमसाठी वेगळं मॉड्यूल आहे, वेगळ्या पैशांचं. आम्ही घेतलं, आणि पैसे फुकट गेले असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनीवाल्यांना युरोपियन कमिशनचीच एक्सेल शीट भरून हवी होती. मॉड्यूलमधून निघणारा रिपोर्ट दिसायला देखणा होता, पण त्यातले आकडे शीटमध्ये हातानेच उतरवावे लागले. बोल्टच्या हिशोबातलं बहुतेक कार्बन वायर रॉड बनवतानाच झालेलं असतं आणि तो आकडा मिलकडून आला नाही तर मॉड्यूल तरी काय करणार? १ जानेवारी २०२६ पासून सीबॅमचा खरा, पैसे मोजायचा टप्पा सुरू झालाय. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला त्यातून सूट आहे. आमचं गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी वर आहे.

एवढं सगळं बोलून झाल्यावर तुम्ही विचाराल, मग अकरा महिने टिकलं कसं. गुरुवारमुळे.

भोसरीत गुरुवारी सुट्टी. पॅकेजमध्ये एनर्जी मीटरला जोडायच्या चार डब्या मिळाल्या होत्या, सिमकार्डवर चालणाऱ्या. त्यातली एक कॉम्प्रेसरच्या पॅनेलला लावली. पहिले पंधरा दिवस पॅनेल रूममध्ये रेंजच येत नव्हती, मेंटेनन्सच्या दादांनी अँटेना खिडकीबाहेर काढून ती नायलॉनच्या दोरीने बांधली. मग आकडे यायला लागले. तिसऱ्या आठवड्यात सहज बघितलं तर गुरुवारी, कारखाना बंद असताना, सकाळ-दुपार-रात्र ११ किलोवॅटची सरळ रेघ. दादा म्हणाले शक्यच नाही. पुढच्या गुरुवारी ते स्वतः जाऊन उभे राहिले. एक कॉम्प्रेसर चालूच होता, आणि जुन्या ड्रिलिंग मशिनच्या मागे फाटलेल्या होजमधून हवा सूं-सूं आवाज करत बाहेर जात होती. एरवी मशिनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. दिवसाला २६४ युनिट, वर्षाचे ५२ गुरुवार, म्हणजे १३,७०० युनिटच्या वर. कार्बन दहा टन, पैसे सव्वा लाखाच्या घरात. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

याचं श्रेय सॉफ्टवेअरचं की त्या डबीचं, यावर आमच्यात अजून वाद आहे. दादांच्या मते डबीचं, आणि ती एकटी बाजारात बरीच स्वस्त मिळते. मला दादांचं पटतं. पण डबी आली ती या सॉफ्टवेअरमुळेच, नाहीतर गुरुवारच्या विजेकडे बघायचं कुणाच्या डोक्यात होतं?

रिन्यूअलचा मेल आलाय. सीबॅमचं मॉड्यूल काढून टाका, महिना बंद करायचं बटण द्या आणि मराठी आकडे वाचायला शिकवा, असं उत्तर पाठवलंय. पहिलं लगेच मान्य झालं. काकांनी मात्र वाट बघितली नाही, डिसेंबरपासून ते रजिस्टरमध्ये इंग्रजी आकडे लिहितात. तारीख अजून मराठीत असते, आणि सॉफ्टवेअर ती डिझेलमध्ये धरत नाही, एवढं मी तपासून घेतलंय.

मला एक सवय लागलीय. गुरुवारी जेवण झालं की फोनवर चारही मीटर एकदा बघते. परवा ऑफिसच्या मीटरवर दोन किलोवॅट दिसले. वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, थंडी फार आहे, अंघोळीला पाणी तापवतोय."