जीवाणू खत दिलं, पण युरिया काही सुटला नाही

सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकरभर मका टोकणला, मार्चच्या मध्याला मळणी झाली. माल घरात आला, आता लिहायला हरकत नाही. पंधराव्या दिवशी उगवण बघून ‘रिझल्ट एक नंबर’ म्हणणाऱ्यांतला मी नाही.

रान शिरोळ तालुक्यातलं, काळं, चुनखडीचं. ॲझोस्पिरिलम (हवेतलं नत्र बांधणारे जीवाणू) आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणारे जीवाणू, दोन्ही द्रवरूप आणले. ३० गुंठ्यांत वापरले, १० गुंठे मुद्दाम तसेच ठेवले. मक्याला शिफारस हेक्टरी १२०:६०:४० ची, म्हणजे इतके किलो नत्र, स्फुरद आणि पालाश; एकराला हिशेब घातला की एक पोतं डीएपी (स्फुरद आणि थोडं नत्र देणारं खत), अर्धं पोतं पोटॅश आणि दोन पोती युरिया. १० गुंठ्यांना त्या मानानं पूर्ण डोस, ३० गुंठ्यांत फक्त युरिया पाव हिश्श्यानं कमी.

खरं तर ही दुसरी खेप. आदल्या खरिपात पावडरीची पाकिटं आणली होती. दुकानात पत्र्याखाली, ऊन लागणाऱ्या फळीवर पडून होती. मुदतीची तारीख मी घरी आल्यावर बघितली, म्हणजे चूक माझीही. वर ती पावडर डीएपीत कालवून कुरीनं पेरली. त्या खतात कुठले जीवाणू जगतायत! फरक शून्य, आणि वर्षभर मी भेटेल त्याला सांगत सुटलो की हे सगळं थोतांड आहे.

या वेळी अडचण वेगळी निघाली. संकरित बियाणं रंगीत औषध लावूनच येतं, हाताळलं तरी बोटं गुलाबी होतात. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जीवाणू हा क्रम माहीत होता, पण ते बी पुन्हा ओलं करायला मन धजेना. मग जीवाणू शेणखतातून दिले. चांगलं कुजलेलं १०० किलो शेणखत चाळून घेतलं, गुऱ्हाळावरचा गूळ पाण्यात विरघळवून त्यात बाटल्या ओतल्या, ते शेणखतावर शिंपडून कालवलं आणि ओल्या गोणपाटाखाली रात्रभर सावलीत ठेवलं. सकाळी टोकणीच्या ओळीत मूठमूठ. डीएपी आदल्या दिवशीच सरीत मातीआड केला होता.

डिसेंबरच्या थंडीत धीर सुटायची वेळ आली. चार पानांवर असताना मका जांभळा पडला, आणि जीवाणूंच्या ३० गुंठ्यांतही तितकाच! माती गार असली की मुळं स्फुरद उचलत नाहीत आणि जीवाणूही थंडावलेले असतात. आठ-दहा दिवसांनी ऊब आली, नवी पानं हिरवी निघाली. कोवळ्या पानांत मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरके पट्टे दिसले, ती जस्ताची कमतरता. त्याला झिंक सल्फेटच फवारावं लागलं.

फरक दिसला तो जमिनीखाली. चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची दोन-दोन ताटं कुदळीनं उपटली. साध्या ताटाची मुळी झटकली की माती गळून मोकळी. जीवाणूंच्या ताटाला मात्र बारीक मुळ्यांचा झुपका, त्यावर मातीचा लेप असा चिकटलेला की बादलीत खळबळल्यावरच सुटला. आबा शेजारी उभे.

“गाठी कुठं हायत रं?”

“आबा, नत्राच्या गाठी सोयाबीनच्या मुळांना. मक्याला येत न्हाईत.”

“मग नत्र कुठनं घेतंय ते?”

बरोबर मुद्द्यावर बोट. ॲझोस्पिरिलम हवेतलं नत्र बांधतं, पण अगदी थोडं. त्याचं मोठं काम म्हणजे मुळ्या वाढवणं, म्हणजे आपण टाकलेलं खत जास्त हाताशी येतं. दुसरे जीवाणू आम्ल सोडून चुन्यात अडकलेला स्फुरद मोकळा करतात. दोघंही खताची जागा घेत नाहीत. ‘युरिया विसरा’ म्हणून कोणी बाटली विकत असेल तर दुकान बदला. खालच्या पानांवर शेंड्याकडून मधल्या शिरेनं इंग्रजी व्हीसारखा पिवळेपणा आला की नत्र कमी पडलं समजायचं. माझ्या ३० गुंठ्यांत बांधाकडेच्या दोन सऱ्यांत तो आलाच होता.

वजन: १० गुंठ्यांचे सात क्विंटलला थोडे कमी, ३० गुंठ्यांचे वीसच्या थोडे वर. म्हणजे जवळजवळ सारखंच. कणसं शेंड्यापर्यंत भरण्यात ३० गुंठे किंचित सरस वाटले, पण ते माझ्या नजरेचं; काट्यावर दिसलं नाही.

आता पैशाचं. वाचला तो जेमतेम १७ किलो युरिया. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे वाचले शंभर रुपये! दोन बाटल्यांना त्याहून जास्त गेले. गूळ, शेणखत आणि कालवायची मजुरी धरलीच नाही. युरियाच्या बचतीसाठी घेणार असाल तर घेऊ नका.

तरी मी पुन्हा घेणार, पण हिशेब डीएपीवर मांडून. ते पोतं १३५० चं, आणि आमच्या चुनखडीत त्यातला बराच स्फुरद अडकून पडतो. येत्या हंगामात १० गुंठ्यांत युरिया पूर्ण आणि डीएपी पाऊण देऊन बघायचं ठरवलंय. आबांना अजून सांगितलेलं नाही.