पुस्तकांचं दारांचं कपाट: सागवान कुठे, प्लाय कुठे?

पुस्तकांसाठी दारांचं कपाट करायचं ठरलं की कारखान्यात पाय ठेवताच पहिला प्रश्न येतो: सागवानात करू की प्लायमध्ये? प्रश्न चुकीचा नाही, पण तो अख्ख्या कपाटाला एकदम विचारला की गोंधळ होतो. कपाटाचा बॉक्स एक काम करतो, फळ्या दुसरं आणि दारांचं दुखणं तर अगदीच निराळं. म्हणून एकच माप धरून एकेक भाग पाहू. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, एक फूट खोल. मधोमध एक उभी फळी, तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार आडव्या फळ्या.

फळी वाकणार किती?

पुस्तकं गच्च लावली की फळीच्या एका फुटावर साधारण नऊ ते अकरा किलो भार येतो. डेमी आकारातल्या कादंबऱ्या जरा हलक्या, कोशांचे खंड आणि आर्ट पेपरवरची पुस्तकं जड. आपलं हे कपाट भरलं की दोनशे किलोच्या आसपास जातं. कपड्यांच्या कपाटाचा अंदाज इथे लावून चालत नाही.

यात सागवान-प्लायपेक्षा मोठा खेळ फळीच्या लांबीचा. दोन फुटांची फळी तीन फूट केली तर वाक दीडपट वाढेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो पाचपट होतो, कारण लांबी वाढते तसं वरचं वजनही वाढतं. १८ मिमी प्लायची दोन फुटी फळी अर्धा-पाऊण मिलिमीटर वाकते. डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तीच तीन फूट ठेवली तर सुरुवातीलाच तीनेक मिलिमीटर झोळ येतो, आणि भार कायमचा असल्याने काही वर्षांत तो बऱ्यापैकी वाढतो. मग दार बंद केलं तरी काचेतून तिरकी झालेली पुस्तकं दिसत राहतात.

सागवानात सगळे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने असतात. प्लायमध्ये निम्मे थर आडवे, त्यामुळे तेवढ्याच जाडीची प्लायची फळी जास्त वाकते. यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे: फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी चिकटवायची. कडा झाकली जाते आणि फळीला ताठपणा येतो. दोन फुटांपर्यंत १८ मिमी प्लाय बिनधास्त वापरा, अडीच फुटांपर्यंत पट्टी लावून. त्यापुढे २५ मिमी घ्यायची किंवा सरळ मध्ये उभी फळी टाकायची. 'मधली फळी नको, मोकळं दिसू दे' हा आग्रह धरणाऱ्यांनी आधी पुस्तकं मोजावीत.

बॉक्स

इथे माझं मत स्पष्ट आहे: प्लाय.

आठ बाय चारच्या शीटमधून उभ्या चार पट्ट्या निघतात, करवतीची जाडी जाता प्रत्येकी बारा इंचांना किंचित कमी. आपल्या मापाला अशा सहा पट्ट्या लागतात: तीन उभ्या (दोन बाजू आणि मधली फळी), एकीत वर-खालचे तुकडे, दोनमध्ये आठ फळ्या. म्हणजे दोन शीट, आणि उरलेल्या दोन पट्ट्यांत खालचा पाया वगैरे होऊन जातो. मागे सहा मिमीची प्लाय. खोली साडेबारा इंच मागितलीत तर शीटमधून चारऐवजी तीनच पट्ट्या निघतात. अर्ध्या इंचाच्या हौसेपायी चांगलं शीट वाया घालवण्यात अर्थ नाही.

प्रत कोणती? कोरड्या हवेच्या गावात, आतल्या भिंतीला, साधी एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारी, प्लाय चालून जाते. पण पुस्तकांसाठी मी आयएस ३०३ या भारतीय मानकातली बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी, सांगेन. आयएस ७१० ची मरीन प्लाय तळमजला, ओल येणारी भिंत किंवा कोकणातलं घर असेल तरच. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिचे पैसे भिंतीला दिल्यासारखे. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) आहे का ते पाहा, आणि कापलेली कडा निरखा. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शिक्का काहीही म्हणो, ते शीट परत पाठवा. अशा पोकळीत स्क्रू गेला की नुसता फिरत राहतो.

आता हाच बॉक्स सागवानाचा केला तर? सागवान घनफुटावर मिळतं. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला १४४ ने भागायचं. बॉक्सला साडेतीन-पावणेचार घनफूट, दारांच्या चौकटींना पाऊण घनफूट आणि त्यावर रंध्यात व कापाकापीत जाणारं, असं मिळून साडेपाच-सहा घनफुटांची तयारी ठेवावी लागते. शिवाय बारा इंच रुंदीची चांगली फळी आता सहज मिळत नाही, दोन-तीन पाट्या जोडून ती करावी लागते. म्हणजे मजुरीही वाढते. सागवान कमी हलतं ही त्याची ख्याती खरी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एक फूट रुंदीची बाजू मे आणि ऑगस्ट यांच्यामध्ये दीड ते तीन मिलिमीटर फरक दाखवू शकते. प्लायला तो त्रास जवळजवळ नाही.

आणि 'सागवान' म्हणून जे समोर येतं ते सगळं सारखं नसतं. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या जंगलातलं लाकूड, ज्याला बाजारात अजून सीपी (जुन्या मध्य प्रांताचं) टीक म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी; २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी लाकूड गेलं ते बल्लारपूरहून. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फिरलात तर आफ्रिकेतलं आणि दक्षिण अमेरिकेतलं लागवडीचं सागवान भरपूर दिसेल. ते वाईट असतंच असं नाही, पण लवकर तोडलेल्या झाडात बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. भुंगा आणि वाळवी पहिला घास त्याचाच घेतात. भाव उतरवण्याआधी पांढरा भाग किती आहे ते दाखवून घ्या.

एक अपवाद मात्र मनापासून सांगतो. घरचा वाडा उतरवताना तुळया, खांब, दारं मिळाली असतील तर संपूर्ण सागवानी कपाट जरूर करा. ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं, आता त्याला पीळ पडायचा नाही. फक्त आतले खिळे आधी हुडकून काढा, नाहीतर मशीनच्या पात्याचे दात जातात आणि कारखानदार पुढच्या वेळी तुमचं जुनं लाकूड घेतच नाही.

दारं

इथे निकाल उलटा लागतो.

प्लायचं सपाट शटर म्हणजे एकच मोठा तुकडा. दोन फूट रुंद आणि चार-पाच फूट उंच झाला की एका बाजूने सनमायका आणि दुसरीकडे काहीच नाही, असल्या कारणाने तो बाक धरतो. दोन्ही बाजूंना लॅमिनेट लावलं तर बराच सावरतो. सपाट शटर हवंच असेल तर ब्लॉकबोर्ड बरा: आतल्या पट्ट्या उभ्या असतात आणि लांब दार सरळ राहतं. याउलट सागवानाची एकसंध फळी दाराला लावणं म्हणजे पावसाळ्यात दार अडकवून घेणं. सागवान वापरायचं तर चौकट करून, मध्ये काच किंवा पातळ पॅनल. पॅनल खाचेत मोकळं बसवायचं, फेविकॉल लावायचा नाही. ते फुगेल-आकसेल आणि चौकट जागची हलणार नाही. चौकटीच्या कोपऱ्यांत कुसू (एका पट्टीचं दुसरीच्या खाचेत शिरणारं टोक) नीट बसलंय का, ते दार हातात घेऊन तिरकं दाबून पाहा.

बिजागऱ्यांचाही प्रश्न यातच सुटतो. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थर फाकवतो, म्हणून प्लायच्या शटरला वाटीच्या ऑटो बिजागऱ्याच घ्याव्यात. त्यांचे स्क्रू शटरच्या आतल्या सपाट पृष्ठभागात जातात. सागवानी चौकटीला साधी पितळी बिजागरी कडेत मारली तरी वर्षानुवर्षं धरून राहते. वाटीची बिजागरी चौकटीला हवी असेल तर उभी पट्टी किमान अडीच इंच ठेवायला सांगा, कारण वाटीचं भोकच ३५ मिमीचं असतं.

काच की बंद दार, यात मी काचेच्या बाजूचा आहे. दिसणारं पुस्तक हातात येतं. ५ मिमी काच चौरस फुटाला सव्वा किलोच्या आत भरते, म्हणून साडेसहा फुटी एकच दार करण्यापेक्षा खाली अडीच फूट आणि वर चार फूट अशी दोन-दोन दारं करावीत. खालची बंद, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि फायली झाकायला, वरची काचेची. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट येणार असेल तर मात्र काचेचा हट्ट सोडा, पुस्तकांचे कणे उन्हाने पांढरे पडतात.

सरकती काच जागा वाचवते, पण एका वेळी निम्मंच कपाट उघडतं आणि खोलीतला इंचभर भाग चॅनलमध्ये जातो. समोर पलंग किंवा सोफा असेल तरच ती घ्यावी.

दारं लावली की धूळ थांबते, पण हवाही कोंडते. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये घट्ट बंद कपाटात पुस्तकांना बुरशीचा वास येतो आणि कसर वाढते. मागची प्लाय भिंतीपासून इंचभर दूर ठेवा आणि वर-खाली हवेला चार-चार भोकं पाडून घ्या. पोथ्यांसारखी वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर कागदाला न लागेल अशी.

कारखान्यात की घरी सुतार बसवून?

दारांचं कपाट असेल तर कारखाना. बॉक्स गुण्यात (काटकोनात) नसेल तर दारं कधीच नीट मिटत नाहीत, आणि पॅनल सॉवर (शीट सरळ कापायच्या मोठ्या मशीनवर) कापलेला तुकडा घरच्या फरशीवर कापलेल्यापेक्षा काटकोनात येतो. ताबा घेताना दोन्ही कर्ण मोजा. दोन मिलिमीटरच्या आत फरक असावा. घरी केलेलं काम जुन्या वाकड्या भिंतीला जुळवून घेतं, हा त्याचा खरा फायदा, आणि भाड्याच्या घरात तो निरुपयोगी.

पॉलिशही कारखान्यातच उरकून घ्या. पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ, पण चरा पडला की दुरुस्ती अवघड. फ्रेंच पॉलिश नाजूक, पण घरच्या घरी पुन्हा मारता येतं. प्लायच्या बॉक्सला आतून पातळ लॅमिनेट पुरे.

तेव्हा बहुतेकांसाठी: प्लायचा बॉक्स, फळ्यांना सागवानी पट्ट्या, वरची दारं सागवान-काचेची. ऑर्डर देण्याआधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण मोजा. साडेसहा फुटी एकसंध बॉक्स वळणावर अडतो, म्हणून खालचा आणि वरचा असे दोन सुटे बॉक्स करून घ्यावेत. काचा घरी आल्यावरच बसवायला लावा, आणि भरलेलं कपाट पुढे झुकू नये म्हणून वरच्या बॉक्समधून भिंतीत दोन स्क्रू.