शाश्वत विकास शाळेत आणायचा आहे: तयार कार्यक्रम घ्यावा की परिसरातून अभ्यासक्रम बांधावा?

शाळेत शाश्वत विकास शिकवायचा असं ठरलं की मुख्याध्यापकांसमोर दोन वाटा येतात. एक तर कुणीतरी आधीच आखलेला कार्यक्रम घ्यायचा आणि तो पायरीपायरीने राबवायचा. नाहीतर शाळेभोवतीचं पाणी, जमीन, कचरा, लोकांचे कामधंदे यांतून अभ्यासक्रम स्वतः बांधायचा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं ४.७ हे लक्ष्य २०३० पर्यंत सर्व विद्यार्थ्यांना त्यासाठीचं ज्ञान आणि कौशल्यं मिळावीत असं म्हणतं. वाट मात्र शाळेलाच निवडावी लागते. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, तरी प्रत्येक शाळेने ती आत्ताच धरावी असं मी म्हणणार नाही.

आधी तयार कार्यक्रमाबद्दल. इको-स्कूल्स हा त्यातला सर्वांत परिचित. तो १९९४ मध्ये युरोपात सुरू झाला आणि त्याच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत: मुलांचा सहभाग असलेली समिती, शाळेची पाहणी, कृती आराखडा, देखरेख, अभ्यासक्रमाशी सांगड, लोकांना सामील करून घेणं आणि शाळेची पर्यावरण संहिता. शेवटी शाळेला सन्मान म्हणून हिरवा झेंडा मिळतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ग्लोब या उपक्रमात मुलं हवामान, माती, पाणी यांच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीने घेतात आणि त्या शास्त्रज्ञांनाही वापरता येतात. अशा कार्यक्रमांचा मोठा फायदा हा की शिक्षकाला कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही. तो बदलून गेला तरी नवा शिक्षक पायरी क्रमांक चारवरून पुढे जाऊ शकतो. नव्या, मनुष्यबळ कमी असलेल्या शाळेसाठी हे फार मोलाचं आहे.

अडचण अशी की बहुतेक वेळा काम शाळेच्या कुंपणाआत राहतं. दिवे बंद करणं, कागद वाचवणं, झाडं लावणं हे सगळं चांगलंच आहे, पण शाश्वत विकासाचे पर्यावरणाखेरीजचे समाज आणि अर्थकारण हे दोन भाग त्यात मागे पडतात. झेंड्याची तारीख जवळ आली की फाइल नीट लावण्यातच शक्ती जाते.

आता दुसरी वाट. समजा, शाळेजवळच्या सार्वजनिक विहिरीची पातळी वर्षभर मोजायची आहे. दोरीला वीतवीत अंतरावर गाठी, टोकाला दगड. दोरी खाली सोडायची, दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला की कठड्यापाशी दोरी चिमटीत धरायची, वर ओढून गाठी मोजायच्या. पहिल्या दोन महिन्यांत हमखास घोळ होतो: एका गटाने कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजलेलं असतं, दुसऱ्याने जमिनीपासून. शिवाय प्रत्येकाची वीत वेगळी. नोंदी जुळत नाहीत आणि वर्गात वाद होतो. तो वाद संपवायची घाई करू नका. मोजमापाला एकच एकक आणि एकच ठरलेला बिंदू का लागतो, हे मुलांना तिथे जितकं पक्कं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

पुढे आलेख आणि सरासरी हे गणित झालं. उतार आणि खडक हा भूगोल. पूर्वी पाणी कुठवर असायचं हे वयस्कर माणसांना विचारून लिहून आणणं, ही भाषा. आणि मग खरा प्रश्न येतो: पाणी कोण किती उपसतं आणि ते ठरवतं कोण? ‘पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणं’ ही संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या मुलं पाठ करतात. पण दगड पाण्याला लागेपर्यंत दर महिन्याला एकेक गाठ जास्त दोरी सोडावी लागली, की ‘मग पुढच्या वर्षी काय?’ असं मूल स्वतःहून विचारतं. मला ही वाट प्रिय आहे ती याच एका प्रश्नासाठी.

पण तिची किंमत मोठी आहे. सलग दोन तासिका लागतात, मुलांबरोबर जायला मोठी माणसं लागतात, विहिरीच्या काठावर सुरक्षिततेची काटेकोर व्यवस्था लागते. सर्वांत जास्त पाणी उपसणाऱ्याचं मूल त्याच वर्गात बसलेलं असतं. म्हणून आकडे मांडायचे, नावं नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. आणि फक्त परिसरावर थांबलं तर दृष्टी आखूड होते. एका विहिरीतून हवामानबदल दिसत नाही.

आणखी एक धोका दोन्ही वाटांवर आहे: मुलांना फक्त घोषणा द्यायला, फलक धरायला उभं करणं. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. तुमच्या उपक्रमात कोणता निर्णय मुलांनी घेतला, एवढं विचारलं तरी आपण शिडीवर कुठे आहोत ते कळतं.

दोन्हींची सांगड घालता येते. कोलंबियात १९७० च्या दशकात ग्रामीण बहुवर्ग (एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतो अशा) शाळांसाठी उभ्या राहिलेल्या एस्कुएला नुएवा पद्धतीत स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका तयार मिळत, पण वस्तीचा नकाशा आणि शेतीच्या कामांचं वार्षिक वेळापत्रक शाळा तिथल्या कुटुंबांच्या मदतीने बनवे. साचा बाहेरचा, मजकूर आपला.

तर निवड कशी करायची? शिक्षक सतत बदलत असतील किंवा वेळापत्रकात सलग तासिका मिळत नसतील, तर तयार कार्यक्रम घ्या आणि त्यातली पाहणीची पायरी कुंपणाबाहेर न्या. निदान दोन शिक्षक तीन वर्षं टिकणार असतील आणि दर महिन्याला येतील असे चार-पाच पालक असतील, तर परिसरातूनच बांधा. मात्र पहिल्या वर्षी एकच प्रश्न घ्या. मूल्यमापनही त्यातूनच करा: नोंदवही, आलेख आणि लोकांसमोर केलेली मांडणी. वेगळी लेखी परीक्षा घेतली की मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतात. आणि नोंदवही शिक्षकाच्या कपाटात ठेवू नका, वर्गात टांगा. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिली नोंद आणि तिची तारीख तिथेच सापडली पाहिजे.