४० लिटरची सॅक आणि इटलीतली जुनी शहरं: सात महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरमध्ये घेतली होती ही सॅक, आता मे संपत आलाय. मी म्युनिकला शिकायला असतो, इथून सकाळची ट्रेन पकडली की आल्प्समधली ब्रेनरची खिंड ओलांडून दुपारपर्यंत वेरोना, त्यामुळे सुट्टी मिळाली की इटली असं झालंय, पाच ट्रिपा झाल्या, पाचही वेळा पाठीवर हीच.

आधी मुद्द्याचं सांगतो, इटलीतल्या जुन्या शहरांत चाकाची बॅग नेऊच नका. पहिल्यांदा मित्राची ट्रॉली घेऊन व्हेनिसला गेलो होतो, सांता लुचिया स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर कालवा आणि डावीकडे स्काल्झीचा पूल, पूल म्हणजे नुसत्या पायऱ्या, चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, आणि असे चारशेच्या वर पूल आहेत त्या शहरात. व्हापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसने, जावं तर एका तिकिटाला साडेनऊ युरो, तेवढ्यात माझं दोन वेळचं जेवण होतं. रोममध्ये ते काळे चौकोनी दगड, साम्पिएत्रिनी म्हणतात, त्यावर चाकं इतकी आदळतात की हात बधिर होतो. परत आल्यावर त्याच आठवड्यात सॅक घेतली.

साइज अगदी बरोबर आहे. ४० लिटरमध्ये पाच दिवसांचे कपडे, टॉवेल, चार्जर, एक जाड जॅकेट आरामात बसतं, आणि पुढची चेन पूर्ण उघडते त्यामुळे हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये रात्री सगळं उपसावं लागत नाही. सुरुवातीला मी ११ किलो भरायचो, आता ७ च्या वर जात नाही. हे वजन फार महत्त्वाचं आहे, कारण स्वस्त हॉस्टेलं बहुतेक जुन्या इमारतीत, चौथा मजला आणि लिफ्ट नाही, शिवाय चेक-इन दुपारी दोन-तीनला आणि आपण पोचतो सकाळी नऊला. सॅक हलकी असली की स्टेशनवर लगेज ठेवायचे पैसे वाचतात आणि सरळ शहर फिरायला लागता येतं. फक्त फ्लोरेन्सच्या दुओमोच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, घुमटावर चढताना बॅग नेऊ देत नाहीत, आधी चौकातल्या त्यांच्या डिपॉझिटमध्ये ठेवावी लागते, आणि ते बरंच आहे, ४६३ पायऱ्या आहेत आणि दोन भिंतींच्या मधून जाताना खांदे घासतात. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने १४२० ते १४३६ मध्ये तो घुमट उभा केला, आत चढताना वीट न् वीट हाताशी येते, मी तर मध्येच थांबून भिंतीला हात लावून उभा राहिलो होतो.

बाजूचा बाटलीचा खिसा मला सगळ्यात आवडतो. तिरका आहे, सॅक न उतरवता बाटली निघते. रोममध्ये याचा खरा उपयोग कळला, तिथे गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, नाझोनी म्हणतात, चोवीस तास थंडगार पिण्याचं पाणी, फुकट. खालून नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते, तिथे तोंड लावून प्यायचं. चार दिवसांत पाण्यावर एक पैसा खर्च झाला नाही.

आता तक्रार. मार्चमध्ये बोलोन्याला टेकडीवरच्या सान लुका चर्चला चाललो होतो, तिथला कमानींचा रस्ता ६६६ कमानींचा, पावणेचार किलोमीटरच्या आसपास, वर छत असल्यामुळे पावसातही कोरडं जाता येतं. मेलोन्चेल्लोच्या कमानीपाशी सपाट रस्ता संपून चढ लागतो, तिथेच डावा खांद्याचा पट्टा वरून उसवला. चार महिन्यांत, ७ किलो वजनात! पुढची सगळी चढण एका खांद्यावर काढली. रात्री हॉस्टेलमध्ये आईने दिलेल्या पुडीतला गोधडीचा जाड दोरा काढला, दुहेरी करून फुलीचे टाके घातले, सुई जाडी पट्टीतून जाईना म्हणून चमच्याच्या मागच्या बाजूने ढकलली, आणि ती शिवण आजपर्यंत हललेली नाही. कंपनीला मेल केला, बिलाचा फोटो मागितला, दिला, पुढे काहीच नाही. एवढे पैसे घेऊन शिवण अशी असेल तर राग येतोच. रेनकव्हरही खालून पाणी धरतं, म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून मगच कपडे भरा.

बजेटचं विचारत असतात म्हणून थोडक्यात. रीजनल ट्रेनचं भाडं आधी काढा नाहीतर आयत्या वेळी काढा, तेच असतं, कागदी तिकीट मात्र चढण्याआधी मशिनमध्ये पंच करा नाहीतर दंड. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, टेबलावर बसलं की दर वाढतो. हॉस्टेलच्या भाड्यावर रात्रीमागे शहराचा टॅक्स वेगळा द्यावा लागतो, तो धरूनच हिशोब करा. सरकारी म्युझियम्स महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, रांग मोठी असते पण पहाटे जा.

शाकाहारी असाल तर पिसाला, म्हणजे त्या कलत्या मनोऱ्याच्या शहरात, चेचीना नक्की खा. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजतात, वरून कडक आतून लुसलुशीत, मिरपूड भुरभुरून कागदात देतात. पहिल्या घासाला मला आमच्या सांगलीच्या घरचं धिरडं आठवलं, डोळ्यांत पाणीच आलं. एक मात्र बघा, खऱ्या पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं, कडक शाकाहारी असाल तर चीज नको सांगा.

पाचपैकी साडेतीन. पट्टा नीट शिवला असता तर साडेचार दिले असते. सप्टेंबरमध्ये आई-बाबा येतायत, बाबांनी २३ किलोची ट्रॉली आत्तापासून काढून ठेवलीये, मी त्यांना सांगितलंय की ती म्युनिकला राहील, व्हेनिसला दोघांचे कपडे या सॅकमध्ये आणि पूल मी चढणार. दुसऱ्या पट्ट्यालाही त्याआधी तोच गोधडीचा दोरा घालून ठेवतोय.