ड्रायवॉलचा बेसिक टूल सेट घेतला, खरं काम चारच वस्तूंनी केलं

ड्रायवॉल म्हणजे जिप्सम बोर्डची भिंत; तिच्यात पडलेलं भोक बुजवायचं होतं आणि एक छोटं पार्टिशन पण उभं करायचं होतं म्हणून हा सुरुवातीचा सेट मागवला, सहा महिने वापरून मग लिहितेय.

आधी पट्ट्यांबद्दल, म्हणजे कंपाऊंड (जोड बुजवायची लांबी) पसरायच्या रुंद पात्यांबद्दल, कारण सगळं फिनिशिंग त्यांच्यावरच. ६ इंचीने दोन बोर्डांच्या जॉइंटवर टेप बसवायची आणि १० इंचीने तिच्यावर कंपाऊंडचे हात, म्हणजे थर, मारायचे. ६ इंची छान आहे, हलकी लवते. पण १० इंचीची धार मधोमध किंचित आत गेलेली निघाली. जॉइंटवर दर वेळी मधे बारीक उंचवटा राहायचा, मी आपली घासत बसायचे, वाटायचं माझाच हात बसत नाहीये. शेवटी पट्टी काचेवर उभी धरली, मागे टॉर्च लावला तर मधून उजेडाची रेघ दिसली! दुसरी सुटी घेतली, तेव्हापासून जॉइंट सपाट येतो. त्यामुळे पट्टी नेहमी अशी बघूनच घ्या, आणि काम झालं की धुऊन पुसून ठेवा, साध्या स्टीलला एका रात्रीत गंज धरतो आणि तो गंज कंपाऊंडच्या पुढच्या थरात उतरतो.

कटर एकदम मस्त. पुढच्या कागदावर गुण्या धरून एक रेघ, मागे झटका, बोर्ड मोडतो, मग मागचा कागद कापायचा, झालं. फक्त ब्लेड वरचेवर बदला, बोथट झालं की कागद फाटत जातो. स्विचबॉक्सच्या भोकासाठीची टोकदार करवत पण चांगली आहे. कडा साफ करायची कानस ठीक.

सगळ्यात आवडला तो ड्रिलचा कॉलरवाला बिट. स्क्रूचं डोकं कागदाच्या जरासं आत गेलं की आपोआप थांबतो, खळगा पडतो पण कागद फाटत नाही. कागद फाटला तर त्या स्क्रूची पकड गेलीच समजा, शेजारी दुसरा मारावा लागतो. साध्या बिटने माझे पहिले पाच-सहा असेच वाया गेले होते.

तक्रार आहे ती टेपची. सेटमध्ये जाळीची टेप दिलीय पण तिच्यावर पहिला हात पाण्यात कालवून घट्ट होणाऱ्या कंपाऊंडचाच हवा हे कुठेच लिहिलेलं नाही. मी डब्यातलं तयार, वाळणारं कंपाऊंड लावलं आणि दोन महिन्यांत जॉइंटवर केसासारखी चीर आली. सगळं खरवडून ओल्या कंपाऊंडमध्ये कागदाची टेप दाबून बसवली, ती अजून तशीच आहे.

सँडिंग ब्लॉक वापरणं सोडूनच दिलं, धूळ इतकी उडते की मास्क लावूनही नको होतं. शेवटचा हात पातळ मारला आणि वाळल्यावर ओला स्पंज पिळून फिरवला तर तेवढं पुरतं.

पाचापैकी तीन स्टार, त्यातला एक फक्त त्या बिटसाठी.