निळी चिंधी

माझ्या मुलीच्या रायफलचं बॅरल, म्हणजे नळी, एका माणसानं एका दुपारी तीन तासांत बिघडवलं आणि त्याबद्दल मी त्याला साडेअठरा हजार रुपये रोख मोजले. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका पालकांचा फोन आला. "एक दुरुस्तीवाला बॅरलमध्ये तांबं बसलंय म्हणतोय, निळी चिंधी काढून दाखवली. करून घेऊ का?" निळी चिंधी हे शब्द कानावर पडले आणि ठरवलं, सगळं लिहून टाकायचं.

आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जागतिक सुवर्ण मिळवलं आणि 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकहून थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ आणलं. त्यानंतर घरटी एकाला तरी रेंजवर जावंसं वाटतं. माझी मुलगी 50 मीटर प्रोन मारते. रायफल पॉइंट टू टूची (.22 इंच व्यासाची), जर्मन, वापरलेली. तिच्यासाठी मी पीएफमधून पैसे काढले होते.

राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता ठरवणाऱ्या मावळंकर स्पर्धेला सहा आठवडे उरले असताना तिचे ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्या बसतात तो घोळका, उघडायला लागले. रायफल क्लॅम्पमध्ये बांधून मारलं की दहा गोळ्या 14 मिलिमीटरात बसायच्या, त्या 19-20 वर गेल्या. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळच 10.4 मिलिमीटरचं. गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतो, पण उघडलेल्या ग्रुपमधली एखादी गोळी तेवढंही करत नाही. त्याच सुमारास आम्ही काडतुसांचा नवा लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला गठ्ठा, उघडला होता. प्रत्येक बॅरलला प्रत्येक लॉट मानवत नाही, हे मला माहीत होतं. तरी लॉट बदलून बघायचं सुचलं नाही, कारण मी घाबरलो होतो.

नेमका तेव्हाच हा माणूस रेंजवर यायला लागला. गोड बोलणारा, मला 'काका' म्हणणारा, हातात चकचकीत पेटी. त्यानं सळीच्या टोकाच्या पितळी जॅगवर पांढऱ्या चिंधीचा पॅच लावला, मळ विरघळवणारं उग्र वासाचं सॉल्व्हंट टाकलं, बॅरलमधून फिरवला, पाच मिनिटं थांबला आणि दुसरा पॅच बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. कडेला मोरपंखी निळा रंग. "काका, हे तांबं. वर्षानुवर्षांचं. बॅरल मेलंय म्हणा. डीप क्लीनिंग आणि पेस्टनं आतून घासून लॅपिंग केलं तर वाचेल."

परवान्याची झेरॉक्स त्यानं दाखवली. मी तारीखसुद्धा वाचली नाही. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. तेवढा कागद नीट वाचला असता तरी बरंच टळलं असतं.

काम रेंजच्याच मागच्या खोलीत झालं. "वास फार येतो, मुलीला घेऊन बाहेर थांबा" म्हणाला आणि दार लावून घेतलं. मुलगी एकदा पाण्याची बाटली घ्यायला आत गेली. तिनं पाहिलं की रायफल उभी धरलीय आणि तो तीन तुकडे जोडलेली सळी तोंडाकडून, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या टोकाकडून, आत घालतोय, सळीवर करडी पेस्ट. ती बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, तो पुढून घालतोय." मी म्हणालो, त्याला कळतं. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

संध्याकाळी घट्ट ग्रुपचा एक कागद आमच्या हातात पडला. त्यावर तारीख नाही, अंतर नाही, काडतुसाचा लॉट नाही. पावती मागितली तर "उद्या पाठवतो".

दुसऱ्या दिवशी ग्रुप 31 मिलिमीटर.

नेमबाजी शिकवणाऱ्या आमच्या जुन्या सरांकडे रायफल नेली. त्यांनी बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) काढला, टॉर्च आणि भिंग घेतलं आणि आधी तोंडच पाहिलं. मग कापसाची कानकाडी क्राउनच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या, कडेवरून आतून बाहेर हलके ओढली. तीन बाजूंनी ती अलगद निघाली. चौथ्या बाजूला, घड्याळात पाच वाजतात तिथं, कापसाचे तंतू अडकून राहिले. भिंगातून मीही पाहिलं. तिथं रायफलिंगची, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांची, धार गोलावून चकाकत होती.

गोळी बॅरल सोडते त्या क्षणी तिच्या बुडाला चारही बाजूंनी एकाच वेळी सुटका मिळावी लागते. एक बाजू झिजली की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरपा धक्का देतो. जोडाची सळी वाकते, तोंडाच्या कडेला घासते, आणि पेस्ट असली की ती कानसच होते. शिवाय बऱ्याच मॅच बॅरलमध्ये तोंडाजवळचा भाग मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेला असतो. त्यानं नेमका तोच भाग घासला होता.

मी निळ्या चिंधीचं सांगितलं. सर काही बोलले नाहीत. कपाटातून कोरा पितळी जॅग काढला, त्यावर तसल्याच सॉल्व्हंटचे दोन थेंब टाकले, पाच मिनिटांनी पांढऱ्या कापडानं पुसला आणि कापड माझ्यासमोर धरलं. तोच मोरपंखी निळा. जॅगनं बॅरलचं तोंडही पाहिलं नव्हतं.

"तुमची मॅचची काडतुसं कशाची?" त्यांनी विचारलं. शिशाची. उघडं मऊ शिसं, वर मेणाचा हात, वेग सेकंदाला साधारण 330 मीटर. तांब्याचं आवरणच नाही, तर बॅरलमध्ये तांबं बसणार कुठून? अमोनियाचं सॉल्व्हंट तांब्याशी आणि पितळेशी निळं होतं, आणि पितळ त्याच्या जॅगमध्येच होतं. जास्त ताकदीच्या सेंटरफायर रायफलीत बहुधा तांब्याच्या आवरणाची गोळी असते, तिथं हे सॉल्व्हंट लागतं. आमच्या रायफलीला त्याची गरजच नव्हती.

सरांनी आम्हाला साफ करायला पुन्हा शिकवलं. बोल्ट काढून ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, सळी सरळ ठेवणारा बोअर गाइड बसवायचा. सळी एकसंध, कोटिंगवाली, मूठ फिरती. पॅच मागून पुढे न्यायचा, तोंडाबाहेर गेला की काढून घ्यायचा, मळलेला पॅच परत आत ओढायचा नाही. रायफल तोंडाकडे किंचित उतरती, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, अगदी पुढे कार्बनची कडी साठते, मऊ ब्राँझचा ब्रश तिथंच थोडा जास्त फिरवायचा. स्टीलचा ब्रश घरात ठेवूच नका, आणि पेस्ट घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेवटचे पॅच कोरडे. साफ केल्यावर दहा-पंधरा गोळ्या मारल्याशिवाय ग्रुप मोजायचा नाही, बॅरल तोवर स्थिरावत नाही. मुलगी आता साडेतीनशे-चारशे गोळ्यांनी साफ करते. तिचे पॅच काळे-करडे निघतात, निळा कधीच नाही.

मावळंकर तिनं क्लबच्या रायफलवर मारली आणि पात्रतेला थोडक्यात हुकली. परवानाधारक गनस्मिथकडून क्राउन नव्यानं कापून घेतला, त्याचा खर्च वेगळा. त्या माणसाचा फोन आधी 'बाहेरगावी आहे' म्हणायचा, आता लागतच नाही. पावती नसल्यानं तक्रारीत दाखवायला माझ्याकडे तो बिनतारखेचा कागद तेवढा आहे.

फोन करणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगितलं की त्याला जॅग बाहेरच भिजवून पुसून दाखवायला सांगा. त्यांनी सांगितलं. तो पेटी आवरून निघून गेला.

आमच्या रायफलचा ग्रुप आता जुन्या लॉटनं 17 मिलिमीटर येतो. पूर्वी 14 यायचा.